ताटाचे माप

(राजोडी धर्मग्रामाच्या ज्युबिलीनिमित्त भरलेल्या सभेत धर्मगुरूंनी दिलेले व्याख्यान)



ज्युबिलीच्या निमित्ताने आम्ही एक व्याख्यान द्यावे अशी समितीची आज्ञा झाली, आणि विषयाची निवड आमच्यावरच सोपविण्यात आली. अशा प्रसंगी पूर्वजांची श्रद्धा, देवळाचा इतिहास, गावाची प्रगती या विषयांवर बोलण्याचा प्रघात आहे. त्यांवर आमच्याहून अधिक अधिकारी वक्ते बोलून गेले आहेत व पुढेही बोलतील. आम्ही मात्र आज आपणांपुढे एक अगदी घरगुती गोष्ट मांडणार आहोत. ती म्हणजे आपले ताट, त्या ताटातील अन्नाचे माप, आणि त्या मापाचा आपल्या देहाच्या वजनाशी असलेला संबंध. विषय ऐकून कित्येकांच्या मुखावर हसू उमटलेले आम्हांस येथून दिसत आहे. धर्मगुरूने आत्म्याची चिंता वाहावी, पोटाची उठाठेव त्यास कशाला, असेही कोणाच्या मनात येत असेल.

परंतु आजाऱ्यांस ख्रिस्तशरीर देण्यासाठी घरोघरी जाताना आम्ही जे पाहत आलो आहोत, त्यावरून हा विषय आत्म्याच्या विषयापासून फार दूर नाही अशी आमची खात्री झाली आहे. पूर्वी अंथरुणास खिळलेला मनुष्य बहुधा सत्तरीपलीकडचा असे. आज पन्नाशीचा कर्ता पुरुष मधुमेहाने चिघळलेली पायाची जखम बांधून बसलेला आढळतो, आणि त्याच्या आजाराबरोबर त्या घरचे उत्पन्न, मुलांचे शिक्षण, म्हाताऱ्या आईचे औषधपाणी ही सारीच लंगडी पडतात. मिस्सेच्या वेळी गुडघे न टेकता बाकावर बसून राहणाऱ्यांत आता केवळ पांढऱ्या केसांची माणसे नसतात. श्रद्धा उणावली म्हणून नव्हे, देहाचा भार गुडघ्यांस पेलत नाही म्हणून ती बसतात.

यांपैकी बहुतेकांस आपले वजन वाढले आहे हे ठाऊक असते. त्यांस कोणी सांगावयास नको. बोलता बोलता विषय निघाला की उत्तर एकच मिळते: “फादर, वेळ कुठे आहे?” पहाटेची गाडी गाठावयाची, दीड तास उभ्याने मुंबईस जावयाचे, तितकाच वेळ परत यावयास, रात्री नऊच्या सुमारास उंबरठ्याच्या आत पाऊल पडते, मग फिरावयास जावे केव्हा आणि निराळे पथ्याचे अन्न शिजवावे कोणी? ही सबब खोटी आहे असे आम्ही मुळीच म्हणत नाही. व्यायामास वेळ लागतो, पथ्याच्या स्वयंपाकास वेळ लागतो आणि पैसाही लागतो. परंतु भाताचा एक डाव कमी वाढून घेण्यास वेळ लागत नाही. जो मनुष्य कामात सर्वांत अधिक गुंतलेला, त्यालाही साधेल असा हा एकच उपाय आहे, आणि आजच्या आमच्या बोलण्याचे सारही इतकेच आहे.

प्रथम हे ताट मोठे कसे झाले ते पाहू. आपल्या आजोबांचे ताट मोठे होते, हे खरे. परंतु त्या ताटामागे त्यांचा दिवस उभा होता. पहाटे उठून वाडीला पाणी लावावयाचे, केळीची आळी करावयाची, कुदळ चालवावयाची, भाजीपाल्याच्या टोपल्या डोक्यावर घेऊन गाडीपर्यंत जावयाचे, असा तो क्रम असे. १८६७ साली विरारहून मुंबईच्या बॅकबेपर्यंत लोकल गाडी प्रथम धावली, तेव्हापासून वसईचा माल व वसईचा माणूस या लोहमार्गाने मुंबईस जात आला आहे. परंतु स्थानकापर्यंतची वाट पायीच तुडवावी लागे. अशा देहाला ढीगभर भात आणि दोन-तीन तांदळाच्या भाकरी हव्याच होत्या. भट्टीत जितके जळते तितका लाकूडफाटा घालावा लागतो.

आज त्याच घरचा नातू दुचाकीवर बसून नालासोपाऱ्याच्या स्थानकावर जातो, गाडीत जागा मिळाली तर बसतो, कचेरीत आठ तास खुर्चीवर बसतो, आणि घरी येऊन दूरदर्शनसंचापुढे किंवा मोबाइल हाती घेऊन पुन्हा बसतो. त्याला थकवा येतो, पण तो गर्दीचा, जागरणाचा व काळजीचा थकवा होय, श्रमाचा नव्हे. देहाला हा भेद समजतो, जिभेला समजत नाही. ती म्हणते, “आज फार दमलो, पोटभर वाढ.” अशा रीतीने वाडीतले कष्ट गेले, पण वाडीतले ताट मात्र घरात राहिले. आजोबांपासून आलेली वाडी कित्येकांनी विकली. आजोबांचे ताट मात्र कोणी विकले नाही!

कोणी म्हणेल, आम्ही काही लठ्ठ दिसत नाही. त्यांच्यासाठी पुण्याची एक गोष्ट सांगतो. तेथील के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी व त्यांचे इंग्रज सहकारी डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचेच उदाहरण छापले. उंचीशी वजनाचे जे प्रमाण वैद्य काढतात, ते दोघांचे अगदी सारखे, म्हणजे २२.३ होते. परंतु अंगातील चरबी मोजली तेव्हा युडकिन यांच्या देहात ती ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या देहात २१.२ टक्के निघाली. आपल्या लोकांचे हातपाय सडपातळ दिसले तरी चरबी पोटाभोवती साठलेली असते, हे या उदाहरणाने उघड झाले. म्हणूनच आपल्या देशातील वैद्य वरील प्रमाण २३ झाले की वजन अधिक मानतात आणि २५ झाले की त्यास स्थूलता म्हणतात. पाच फूट पाच इंच उंचीच्या मनुष्याच्या बाबतीत याचा अर्थ असा की, सुमारे ६३ किलोंपासून सावध व्हावे आणि ६८ किलोंस इशारा समजावा. ज्याच्या घरी वजनकाटा नाही त्याने शिंप्याची फीत घ्यावी: कमरेचा घेर पुरुषाचा ९० सेंटिमीटरांच्या आत व स्त्रीचा ८० सेंटिमीटरांच्या आत असावा.

हा केवळ शरीराच्या ठेवणीचा प्रश्न असता तर आम्ही आपला वेळ घेतला नसता. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या विद्यमाने झालेली देशव्यापी पाहणी २०२३ साली प्रसिद्ध झाली. तीनुसार आपल्या देशात मधुमेही माणसांची संख्या दहा कोटींहून अधिक आहे. पण निराश होण्याचे कारण नाही. अमेरिकेत मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या तीन हजारांहून अधिक लोकांवर एक मोठा प्रयोग झाला व त्याचा वृत्तांत २००२ साली बाहेर आला. ज्यांस आहार आवरून सात टक्के वजन घटविण्याचे व आठवड्यास दीडशे मिनिटे चालण्यासारखा व्यायाम करण्याचे ध्येय दिले होते, त्यांच्यात नव्याने मधुमेह होण्याचे प्रमाण इतरांहून ५८ टक्क्यांनी कमी झाले. सत्तर किलोंच्या मनुष्यास सात टक्के म्हणजे पाच किलोही नव्हेत. कोणास तरुणपणचा बांधा परत आणावयाचा नाही. पाच किलो उतरविले तरी पुष्कळ पदरात पडते.

आता ते उतरवावे कसे? या बाबतीत महाराष्ट्रात मतामतांचा मोठा गलबला आहे. नागपूरचे विद्वान पुढारी कै. डॉ. श्रीकांत जिचकार यांचा विचार पुढे चालवून डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी असे प्रतिपादन केले की, खरी भूक लागेल तेव्हा दिवसातून दोनदाच जेवावे आणि प्रत्येक जेवण पंचावन्न मिनिटांच्या आत आटोपावे. उलट मुंबईच्या आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकर यांनी २००९ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकात दर दोन तासांनी थोडे थोडे खावे असे सांगितले. दोन्ही पक्षांचे अनुयायी आपल्याही गावात आहेत, आणि लग्नाच्या पंगतीत ते एकमेकांशी वाद घालताना आम्ही ऐकले आहेत. वाद घालताना दोघेही जेवत असतात, हे विशेष! आम्ही वैद्य नाही, तेव्हा कितीदा जेवावे याचा निवाडा आम्ही करीत नाही. दोनदा जेवणाऱ्याने दोन्ही वेळा दुप्पट खाल्ले, किंवा दर दोन तासांनी खाणाऱ्याने प्रत्येक वेळी पोट भरले, तर दोघांच्याही पदरी एकच फळ येणार. वेळा कितीही असोत, माप चुकविता येत नाही.

मापाचा हा विचार आजकालचा नाही. सहाव्या शतकात संत बेनेडिक्ट यांनी मठवासीयांसाठी नियम लिहिले, त्यांत अन्नाच्या मापावर एक स्वतंत्र प्रकरणच आहे. रोज दोन शिजविलेले पदार्थ असावेत, म्हणजे एक न रुचल्यास दुसरा घेता येईल; फळे किंवा ताजी भाजी मिळाल्यास तिसरा पदार्थ द्यावा; पाव दिवसास एक पौंड; आणि मुलांस मोठ्यांहून कमी. परंतु त्याच प्रकरणात अशीही सवलत आहे की, काम अधिक कष्टाचे असेल तर मठाधिपतीने अन्न वाढवून द्यावे. बंधुभगिनींनो, ही सवलत नीट ध्यानात घ्यावी. जितके कष्ट तितके अन्न, हा तिचा आशय आहे. तेव्हा कष्ट कमी झाल्यावर अन्नही कमी करावे, हे ओघानेच आले.

याहून नवलाची हकीगत इटलीतील लुईजी कोर्नारो या सद्गृहस्थाची आहे. तरुणपणी खाण्यापिण्याचा अतिरेक करून चाळिशीच्या सुमारास तो मरणोन्मुख झाला. वैद्यांनी सांगितले, आता अन्नाचे माप धरलेस तरच वाचशील. त्याने ते मानले, आणि दिवसास बारा औंस अन्न व चौदा औंस द्राक्षासव एवढ्यावर तो पुढे कित्येक वर्षे निरोगी राहिला. वृद्धपणी आप्तेष्टांनी आग्रह धरला की या वयात थोडे अधिक खावे. त्यांच्या समाधानासाठी त्याने दोन-दोन औंस वाढविले, आणि थोड्याच दिवसांत तो आजारी पडला. जुन्या मापावर परत आला तेव्हा बरा झाला. ही सर्व हकीगत त्याने स्वतः लिहिली व ती १५५८ साली पाडुआ येथे छापली गेली. पुढे येशूसंघीय पंडित लेओनार्द लेसियस यांनी तिचे लॅटिन भाषांतर करून आपल्या १६१३ सालच्या आरोग्यविषयक ग्रंथासोबत ती प्रसिद्ध केली. माप ओळखण्याची लेसियस यांची खूण मोठी मार्मिक आहे: जेवणानंतर ज्याचे मन प्रार्थनेस, अभ्यासास किंवा कामास लागत नाही, नुसती सुस्ती येते, त्याने आपले माप ओलांडले असे समजावे. रविवारी दुपारी तीन वाजता आपल्यापैकी कितीजण या परीक्षेस उतरतील?

आपल्या देशात महात्मा गांधींनी १९४२ साली पुण्याच्या आगाखान राजवाड्यात बंदिवासात असताना आरोग्यावर एक छोटे पुस्तक लिहिले. त्यात बैठे काम करणाऱ्या मनुष्याच्या एका दिवसाच्या आहाराची यादी औंसांत दिली आहे, आणि तीत धान्य अवघे सहा औंस, म्हणजे सुमारे १७० ग्रॅम, आहे. गांधीजींच्या यादीत आपला बोंबील नाही हे आम्ही जाणतो, आणि कोर्नारोचे बारा औंसही कोणी जसेच्या तसे उचलू नयेत. पण या साऱ्यांत एक गोष्ट समान आहे. त्यांनी आपले माप जेवणास बसण्यापूर्वी ठरविले. ताटावर बसल्यानंतर जिभेस विचारले नाही.

हे का आवश्यक आहे ते एका प्रयोगावरून कळते. बार्बरा रोल्स या अमेरिकन विदुषीने २००२ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात त्याच माणसांना एकच पदार्थ निरनिराळ्या दिवशी निरनिराळ्या मापाने वाढला, सर्वांत लहान माप ५०० ग्रॅमचे व सर्वांत मोठे १००० ग्रॅमचे. मोठे माप वाढले त्या दिवशी माणसांनी सुमारे ३० टक्के अधिक खाल्ले. समोर जितके येते, तितका हात पुढे जातो. म्हणून लढाई ताटावर बसून करावयाची नाही. भांड्यातून ताटात अन्न येते त्या क्षणीच ती जिंकावयाची असते.

आता प्रत्यक्ष व्यवहाराकडे वळू. शिजलेल्या भाताच्या शंभर ग्रॅमांत सुमारे १३० उष्मांक असतात. आपल्या घरचा एक भरलेला डाव साधारण तेवढाच. साखरेच्या चमच्यात सुमारे २०. तेव्हा दोन चमचे साखरेचे पाच कप चहा घेणारा मनुष्य दिवसास २०० उष्मांक नुसते पिऊन टाकतो. तेलाच्या एका मोठ्या चमच्यात १२०. साठ मिलिलिटर मद्यात सुमारे १४०, आणि त्यासोबत जे चाखणे येते ते निराळे. स्थानकावरचा वडापाव तीनशेच्या आसपास. आता रात्रीचा एक डाव भात कमी केला, दोन कप चहा बिनसाखरेचे घेतले, आणि संध्याकाळचा वडापाव टाळला, तर पाचशे उष्मांक वाचतात. देहातील एक किलो चरबीत सुमारे ७,७०० उष्मांक साठलेले असतात, हे ध्यानात घेतले म्हणजे आरंभी आठवड्यास अर्धा किलो वजन का उतरते हे समजेल. पुढे वजन घटत जाते तसा हा वेग मंदावतो, कारण हलक्या देहास अन्नही कमी लागते. तेव्हा तिसऱ्या महिन्यात काटा हलेनासा झाला म्हणून व्रत मोडू नये.

जो पहाटेच्या गाडीने जातो त्याने डबा घरूनच न्यावा, आणि डब्याचे जे मोठे पूड भातासाठी वापरले जाते ते भाजीसाठी वापरावे व लहान पूड भातासाठी. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचाही उपदेश असाच आहे की, ताटाचा अर्धा भाग भाज्या व फळे यांनी भरावा. आपल्या वाड्यांत दुधी, वांगी, भेंडी, वाल, मुळा, पालेभाजी सर्व पिकते. परंतु आपण भाजी मुंबईस पाठवितो आणि भात घरी ठेवतो! संध्याकाळी भूक लागते ती खरीच असते. तिच्यासाठी पिशवीत एखादे केळे किंवा मूठभर भाजलेले चणे असले तर स्थानकावरच्या कढईपुढे पाय थांबत नाहीत. जो रात्री उशिरा जेवतो त्याने ते जेवण दिवसातील सर्वांत लहान ठेवावे: आधी भाजी व मासळी किंवा डाळ, आणि शेवटी एकच वाटी भात. वाढून घेतल्यावर भाताचे पातेले स्वयंपाकघरातच राहू द्यावे. दुसऱ्यांदा घेण्याची इच्छा झाली तर थोडा वेळ थांबावे. पोट भरल्याची वार्ता मेंदूस पोहोचावयास काही मिनिटे लागतात. रुग्णालयात पाळीने काम करणाऱ्या आपल्या परिचारिका भगिनींस जेवणाची ठरावीक वेळ नसते, त्यांनी वेळेऐवजी डबाच आपले माप मानावा: एका पाळीस एकच डबा. आणि भल्या पहाटे भाजी घेऊन बाजारात जाणाऱ्या ज्या माताभगिनी आजही डोक्यावर भार वाहतात, त्यांस आम्ही एक घासही कमी करण्यास सांगत नाही. संत बेनेडिक्टांची सवलत त्यांच्यासाठीच आहे.

घरच्या गृहिणीविषयी दोन शब्द बोलले पाहिजेत. ती सर्वांच्या मागून जेवते, बहुधा उभ्या उभ्या, आणि भांड्यात उरलेले टाकवत नाही म्हणून भूक नसताना खाते. मुलाने टाकलेली अर्धी भाकरी, पतीने ठेवलेला भात, कालचे कालवण, ही सारी तिच्या वाट्यास येतात, आणि मग “मी तर काहीच खात नाही, तरी वजन वाढते” असे ती म्हणते. तिचे म्हणणे खोटे नाही. तिने स्वतःसाठी वाढून घेतलेले ताट खरोखर लहानच असते. अन्न वाया न घालविणे हा सद्गुणच आहे, परंतु उरलेल्या अन्नाची कोठी म्हणून एका बाईच्या देहाचा उपयोग करणे हा सद्गुण नव्हे. उपाय दोन आहेत: तांदूळ मोजून शिजवावा, आणि तिचे ताट सर्वांबरोबर मांडले जावे. दुसरा उपाय घरातील पुरुषांच्या हाती आहे.

मापाचा सर्वांत मोठा शत्रू मात्र भूक नव्हे, आग्रह होय. आपल्या लोकांचे आतिथ्य प्रसिद्ध आहे आणि त्याचा आम्हांस अभिमान आहे. लग्नात फुगे, मटण आणि केक, बारसे, वाढदिवस, नाताळ, सण, एवढेच नव्हे तर मयताच्या महिन्याचे जेवणही, आणि प्रत्येक ठिकाणी “आणखी एक घ्या, माझ्या हातचे घ्या.” नको म्हणणारा पाहुणा गर्विष्ठ ठरतो, आणि आग्रह न करणारा यजमान कंजूष. घरांस आशीर्वाद देण्यास निघालो की दहा घरी दहा बशा पुढे येतात, आणि दहाव्या घरची माउली म्हणते, “आमच्याच घरी नको का, फादर?” आम्ही सर्वांस हात जोडून सुचवितो की, पाहुण्यास एकदा प्रेमाने विचारावे, आणि तो पुरे म्हणाला की त्याचे पुरे खरे मानावे. त्याच्या शब्दावर विश्वास ठेवणे हाही आदरच आहे.

येथे काही सावधगिरीच्या सूचना देणे आमचे कर्तव्य आहे. वाढत्या वयाची मुले, गरोदर व अंगावर पाजणाऱ्या माता, कृश झालेले वृद्ध यांच्या ताटास कोणी हात लावू नये. मधुमेहासाठी गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी डॉक्टरांस विचारल्यावाचून जेवण कमी करू नये, कारण औषध तेवढेच आणि अन्न कमी असे झाल्यास रक्तातील साखर एकाएकी उतरून प्राणावर बेतू शकते. वजन उतरविणारी नवी इंजेक्शने २०२५ पासून आपल्या देशातही मिळू लागली आहेत. ती भूक मंद करून अखेर माणसाचे माप लहान करण्याचेच काम करतात, आणि ती बंद केली की पुष्कळांचे वजन परत चढते. ती घ्यावयाची की नाही हे डॉक्टरांनी ठरवावे, शेजाऱ्याने नव्हे.

आणि उपाशी राहण्याचा अतिरेक तर कोणीच करू नये. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४४-४५ साली, अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात अन्सेल कीज यांनी छत्तीस निरोगी तरुणांस त्यांच्या संमतीने सहा महिने अर्धपोटी ठेवले. त्यांचे वजन सुमारे एक चतुर्थांश उतरले, परंतु ते खिन्न व चिडखोर झाले. दिवसरात्र अन्नाखेरीज दुसरा विचार त्यांस सुचेना. अन्नाच्या गुलामगिरीतून सुटावयाचे म्हणून उपासमार करणारा अशा रीतीने अधिकच मोठा गुलाम होतो. आम्ही सांगतो ते उपासमारीचे नव्हे. एक डाव कमी, दोन नव्हेत. आणि तोही रोज, आयुष्यभर.

उपवासकाळाविषयीही गैरसमज नसावा. राखेच्या बुधवारी व शुभ शुक्रवारी अठरा वर्षांपासून साठीत पदार्पण करीपर्यंतच्या निरोगी माणसाने दिवसातून एकच पूर्ण जेवण घ्यावे व सकाळ-संध्याकाळ अल्पसा आहार करावा, असा ख्रिस्तसभेचा नियम आहे. हा नियम वजन उतरविण्यासाठी नाही, आणि काट्याकडे पाहून केलेला उपवास प्रायश्चित्त ठरत नाही. तरी पण त्याने आपल्याला एक गोष्ट शिकविली आहे: लहान जेवणाने मनुष्य मरत नाही, कामही अडत नाही. वर्षातून दोन दिवस आपण हे अनुभवितो. आपल्या प्रार्थनेतही आपण आजच्यापुरतीच भाकर मागतो, उद्याचीही आजच खाऊ द्यावी असे मागत नाही.

शेवटी, ज्यांचे वजन अधिक आहे त्यांची कोणी थट्टा करू नये अशी आमची कळकळीची विनंती आहे. शाळेच्या पटांगणात किंवा लग्नाच्या मांडवात मारलेला एक टोमणा कित्येकांस वर्षानुवर्षे बोचत राहतो, आणि टोमण्याने आजवर कोणाचे वजन उतरलेले आम्ही पाहिलेले नाही. उलट घरात एकाने माप धरले आणि बाकीच्यांनी त्याच्यासाठी पातेले दूर ठेविले, तर त्या एकाचे काम निम्म्याने हलके होते. कुटुंबाने मिळून मोजून शिजविले तर महिन्याकाठी काही किलो तांदूळही वाचतील. ते संत व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीच्या मंडळींकडे पोहोचते झाले, तर आपल्या ताटातून उतरलेला डाव ज्याच्या ताटात एकही डाव नाही त्याच्या ताटात पडेल. ज्युबिली वर्षाची याहून साधी आठवण आम्हांस सुचत नाही.

आता सभेनंतर मंडपात भोजनाची व्यवस्था आहे, आणि समितीने कोणतीही कसर ठेवलेली नाही असे आम्हांस सुवासावरूनच कळत आहे. आजचा दिवस आनंदाचा आहे. सर्वांनी आनंदाने जेवावे. वाढणाऱ्या तरुणांस एवढेच सांगणे की, विचारून वाढावे. आणि जेवणाऱ्यांस एवढेच की, संपेल तितकेच घ्यावे. फार वेळ बोललो. वाढपी मंडळी दाराशी खोळंबली आहेत, म्हणून आम्ही येथेच आपली रजा घेतो.